वाळूत ठोकलेला खुंट

काल वलांडी बांधली. बांबू उभे केले, त्यांच्यामध्ये आडवे दोर ताणले, आणि आज सकाळी पहिले बोंबील त्यावर चढले. बोंबील वाळत घालायची आमची रीत सोपी आहे. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. हात आपोआप चालतात, मन मोकळं राहतं. उत्तरेचा वारा सुटला की सगळे बोंबील एका अंगाला हलू लागतात आणि त्यांच्या फटींतून समुद्र तुकड्या-तुकड्यांनी दिसतो.

आज त्या फटींतून मला घोडी दिसली. घोडीवाला रामसजीवन लगाम धरून पुढे चालला होता आणि वर एक बाई डोळे गच्च मिटून बसली होती. घोडी तिच्या नेहमीच्या जागी आपणहून थांबली, बाईनं डोळे उघडले, नवऱ्यानं फोटो काढला, घोडी पुन्हा चालायला लागली. मला हसू आलं.

शेजारच्या दोरापाशी माझी थोरली जाऊ होती. ती म्हणाली, "काय गं, एकटीच दात काढतेस?"

"काय नाय."

"घोडी बगलीस ना?" असं म्हणून तीही हसायला लागली.

थंडी पडली, वलांडी उभी राहिली, की आम्हा दोघींना तो एक हिवाळा आठवतो. फार जुना नाही, मागच्या आधीचा. तेव्हा याच वाळूवर माझा भावेश रोज सकाळी घोडी पळवायचा आणि आम्ही बाया बोंबील अडकवता अडकवता त्याच्याकडे बघत राहायचो. कितीदा तरी माझा एकच बोंबील दोरावर जायचा आणि त्याचा जोडीदार हातातच राहायचा.

भावेश माझा मुलगा. भरती झाली तेव्हा मला वाटलं होतं, बंदूक घेऊन कुठंतरी डोंगरावर उभा राहील. पण त्याला पाठवलं सैन्याच्या घोडेस्वारीच्या शाळेत. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी घोड्याला हात लावला नव्हता. लग्नात वरातीला घोडा येतो तेवढीच ओळख, आणि त्याच्यावरूनही आमचे हे उतरायची घाई करत होते. पण भावेशला घोड्यावर बसवलं आणि तो पडला नाही. तिथले उस्ताद, म्हणजे शिकवणारे, त्याला विचारते झाले, तू आधी कुठं शिकलास? तो म्हणाला, होडीवर. लाटेवर होडी वर-खाली होत असताना जाळं ओढायचं तर गुडघे सैल ठेवावे लागतात, कंबर सैल ठेवावी लागते, डोकं मात्र जागेवर. उस्तादांना ते फार आवडलं म्हणे. मला मात्र एवढंच कळलं की वडिलांच्या होडीवर तो जे शिकला ते वाया गेलं नाही.

मग तो त्यांच्या संघात गेला. त्यांचा खेळ असा: जमिनीत एक लाकडी खुंटी रोवलेली असते. घोडा भरधाव सोडायचा, हातातला लांब भाला खाली आणायचा, त्याच्या टोकानं ती खुंटी टिपायची आणि उपटून वर उचलून न्यायची. शाळेत याला नेजाबाजी म्हणतात. देशोदेशीचे स्वार हा खेळ खेळायला एकत्र येतात. भावेशनं पहिल्यांदा फोनवर हे सांगितलं तेव्हा मी ऐकून घेतलं आणि ह्यांना सांगितलं. ह्यांचं तोंड असं झालं जसं कोणी पोराची चोरी पकडून आणली आहे.

"दुसऱ्यानं ठोकलेला खुंट उपटायचा?" हे म्हणाले. "आन वर टाळ्या?"

त्यांचंही बरोबरच होतं. आमची मासेमारी खुंटावरची. समुद्राच्या तळात लाकडाचा लांब खुंट ठोकायचा आणि त्याला जाळं बांधायचं. भरतीच्या, ओहोटीच्या ओढीनं मासळी जाळ्यात येते. खुंट ठोकायचा दिवस म्हणजे सणच. त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ द्यायचा. चार होड्या एकत्र येऊन, दोर ओढून, ओरडून, दम लागेपर्यंत तो खाली उतरवायचा. माझ्या माहेरी दातिवऱ्याला तर खुंट ठोकून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात, मग बोलतात. ज्याचा खुंट त्याची ती जागा. बापाची मुलाला मिळते. दुसऱ्याचा खुंट हलवला तर गाव न्यायाला बसतं, माणसाला वर्षभर कोणी हाक मारत नाही. आणि इथं पोरगा सांगतोय की त्यानं दिवसभरात चांगले पाच-सात उपटले.

ह्यांनी गावात कोणाला हे सांगितलंच नाही. कोणी विचारलं, भावेश काय करतो, तर म्हणायचे, "सरकारी घोड्यावर बसतो." एवढंच.

त्या पावसाळ्यात सराव करताना भावेशचा घोडा घसरला आणि तो उजव्या खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. ते जुळलं, पट्टा निघाला, आणि दिवाळी झाल्यावर त्याला सुट्टी देऊन घरी पाठवलं. परत गेल्यावर चाचणी होणार होती. त्यात खरा उतरला तर संघाबरोबर परदेशी स्पर्धेला जायचं, नाहीतर नाव कटणार. हे त्यानं आल्या आल्याच मला सांगितलं, चुलीपाशी बसून, भाकरी खाता खाता. भाकरी डाव्या हातानं मोडत होता.

डॉक्टर म्हणाले होते, हात बरा आहे. पण हाताला ते पटलं नव्हतं. पाण्याचा हंडा तो डाव्या हातानं उचलायचा. खाली बसून उठताना डावा हात टेकायचा. झोपेतसुद्धा उजवा हात छातीशी धरलेला. मी आई आहे, मला ते न बघूनही दिसायचं. त्याला एकदा विचारलं, तर म्हणाला, "दुखत नाय गं आई. पन खुंटी जवळ आली ना, की हात आपला आपनच सैल पडतो. मी सांगतो घट्ट धर, तो ऐकत नाय."

उस्तादांनी निघताना सांगितलं होतं, घरी राहा पण बसू नकोस, मिळेल त्या घोड्यावर बस. परदेशात आपले घोडे नेत नाहीत. तिथले घोडे देतात, कोणता कोणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. म्हणून परक्या घोड्याची सवय पाहिजे.

मिळेल तो घोडा म्हणजे इथं एकच. रामसजीवनची चमेली. रामसजीवन बोईसरला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा गावाला परत न जाता त्यानं ही घोडी घेतली. शनिवार-रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर गर्दी होते, तिथल्या लोकांना घोडीवर फिरवून आणायचं हा त्याचा धंदा. भावेशनं घोडी मागितली तेव्हा तो आधी खूप हसला.

"फौजी भाई, ये तो छुट्टी वाली घोड़ी है। दौड़ना इसको आता नहीं, फोटो खिंचवाना आता है।"

खरंच होतं ते. पहिल्या सकाळी भावेशनं तिला टाच दिली, ती दुडकी धावली, आणि सुरूच्या झाडाजवळ येऊन उभी राहिली. मान वळवून किनाऱ्याकडे बघू लागली. कारण तिथं फोटो काढतात. पुन्हा टाच दिली, पुन्हा धावली, भेळेची गाडी लागते तिथं थांबली. गाडी नव्हती, तरी थांबली. मग ज्या ठिकाणून रोज परत फिरते तिथून परत फिरली. भावेश लगाम ओढतोय आणि ती आपली घराकडे.

जाऊबाई वलांडीतून ओरडली, "अरे भावेश, घोडी तुला फिरवून आनते का तू घोडीला?"

सगळ्या बाया हसल्या. भावेशही हसला. तो आल्यापासूनचं त्याचं ते पहिलं मोकळं हसणं. आणि घोडी? आमच्या बोंबलांचा वास तिला आवडायचा नाही. वलांडीजवळ आली की नाक उडवून मोठ्यानं शिंकायची. भावेशच्या कपड्यांना तिचा वास लागायचा, गवताचा आणि घामाचा. मी ते धुवायचे नाही लगेच. मासळीचा सोडून दुसरा वास आमच्या घरात पहिल्यांदाच राहायला आला होता.

पंधरवड्यात त्यानं घोडीला धावायला शिकवलं. मारलं नाही कधी. सुरूच्या झाडाजवळ आली की मानेवर थोपटत तिच्या कानाशी बोलायचा, आणि ती विसरून पुढे निघून जायची. ओहोटीनं उघडी पडलेली वाळू सकाळच्या उन्हात ओली चकचकीत असते. तिच्यावर घोडी धावली की दोन घोड्या दिसायच्या, एक वर, एक खाली. पलीकडे तारापूरची धुरांडी. मधे आमच्या होड्या ओहोटीनं कलंडलेल्या. मी असं काही बघेन, आणि त्यात माझं माणूस असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. लोकांत मला बोलता येत नाही, कोणी पाहुणे आले तर मी आत जाऊन भांडी घासते. पण त्या सकाळी मला वाटायचं, कोणाला तरी हाताला धरून आणावं आणि दाखवावं.

भाला म्हणून त्यानं वलांडीचाच एक लांब बांबू घेतला, टोकाला खिळा बसवला. खुंटी म्हणून माडाच्या झावळीचा जाड देठ कापून वाळूत उभा करायचा. पण घोडी भरधाव यायची, बांबू खाली यायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी टोक बाजूला जायचं. रोज तेच. कधी लागलाच तर खिळा नुसता घासून निघायचा. तो घोडी वळवायचा, परत जायचा, परत यायचा. आम्ही बाया आता हसत नव्हतो. बोंबील अडकवत असल्याचं दाखवत होतो.

हे होडीजवळ बसून जाळं विणायचे. पाठ भावेशकडे. पण पाठ केलेल्या माणसाचे कान कुठं असतात ते बायकोला कळतं. टापांचा आवाज जवळ आला की ह्यांची सुई थांबायची. आवाज लांब गेला की पुन्हा चालायची.

एकदा जेवताना हे एकदम म्हणाले, "खुंट असे लावतात काय? वाऱ्यानं पडतात. माझा पोरगा, आन त्याला खुंट ठोकता येत नाय. लोक बगतात."

भावेश म्हणाला, "बाबा, ते तसेच लावायचे असतात."

"कोन बोललं?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच ओहोटीला हे बाहेर गेले. मला वाटलं, होडीवर गेले असतील.

सकाळी भावेश घोडी घेऊन आला तर वाळूत खुंटी आधीच लावलेली. देठ नाही, चांगल्या लाकडाची, वरून तासलेली, आणि तिला कुंकवाचं बोट लावलेलं. भावेश घोडीवरून माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. बाप अखेर वळला म्हणून आम्हा दोघांनाही इतका आनंद झाला की पुढचं काही आमच्या लक्षातच आलं नाही. तो घोडीवरून उतरला नाही, खुंटी हलवून बघितली नाही. लांब गेला, घोडी वळवली आणि सोडली.

त्या दिवशी नेम चुकला नाही. बापानं लावलेली खुंटी, हातानंही तिला मान दिला असेल. बांबू बरोबर मधोमध लागला. आणि खुंटी हलली नाही.

हलणार कशी? ह्यांनी जुन्या खुंटाचं टोक कापून आणलं होतं आणि समुद्रात ठोकतात तसं ते ठोकलं होतं. ओढीच्या विरुद्ध अंगाला तिरकं, जेवढं वर दिसतं त्याच्या चौपट खाली. दहा उधाणं आली तरी जागचं हलू नये असं. बांबू कमानीसारखा वाकला, मग कडाडला, आणि भावेश घोडीवरून उचलला जाऊन पुढच्या पाण्यात पडला. घोडी तशीच पुढे धावत गेली.

मी किंचाळले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं, गावाला तर नव्हतंच. हातातले बोंबील टाकून मी धावले, जाऊबाई माझ्या मागे, आणि आम्हा दोघींच्या पुढे हे. पन्नाशी उलटलेला माणूस, ओल्या वाळूत, लुंगी धरून. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

भावेश पाण्यात उताणा पडला होता. लाट आली, त्याच्या तोंडावरून गेली. तो खोकला. मग उठून बसायला त्यानं हात टेकला.

उजवा.

पूर्ण भार देऊन टेकला, उठला, उभा राहिला, आणि त्याच हाताच्या मनगटानं तोंडावरची वाळू पुसली. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. मी तिथंच पाण्यात बसले. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि जाऊबाई म्हणत होती, "अगं हिला धरा कोनी, ही वाहून जाईल."

"हात," मी म्हटलं. "तुजा हात बग."

भावेशनं हात बघितला. मूठ उघडली. हातात अजून तुटलेल्या बांबूचा तुकडा होता. आदळला तेव्हासुद्धा त्यानं बांबू सोडला नव्हता. एवढा वेळ तो ज्या हाताला समजावत होता, त्या हातानं बापाच्या खुंटाला टक्कर देताना पकड ढिली केली नव्हती.

रामसजीवन धापा टाकत आला. त्यानं खुंटी दोन्ही हातांनी धरून ओढली, पायानं ढकलली, मग ह्यांना हात जोडले. "चाचा, इससे तो जहाज बाँध लो।"

हे भावेशच्या खांद्यावर हात ठेवून चाचपत राहिले, जसं घरातलं लहान मूल चाचपतात. मग खाली मान घालून म्हणाले, "माला वाटलं, तुजी खुंटी नीट नाय म्हनून चुकते."

"नीटच होती बाबा. ती निघायला पायजे. निघन्यासाठीच लावायची."

"निघन्यासाठी ठोकायची?"

"हां."

त्यावर हे दिवसभर विचार करत होते. मला कळत होतं की त्यांना ते किती अवघड आहे. ज्या माणसाचं सगळं आयुष्य, काही केल्या निघू नये असं ठोकण्यात गेलं, त्याला निघेल असं ठोकायला सांगणं. मलाही ते अवघडच वाटतं. पोराला घरातून पाठवताना आपण तेच शिकत असतो, आणि हात ऐकत नाही.

पण हे शिकायला बसले. दुसऱ्या दिवसापासून जाळं बाजूला ठेवून खुंट्या तासायला लागले. पहिली त्यांनी इतकी सैल लावली की ती टापांच्या नुसत्या आवाजानं आडवी झाली. जाऊबाई म्हणाली, "भावजी, आता बोंबील टोचून उभा करा, तो तरी राहील." हे चिडले नाहीत. वाळू दाबून बघायचे, थोडी ओली, थोडी कोरडी, खुंटी रोवायचे, बोटानं हलवायचे, पुन्हा काढायचे. भावेश घोडीवर थांबून वाट बघायचा. बाप हात वर करायचा, मगच घोडी सुटायची. आणि एका सकाळी नवा बांबू खाली आला, टोक लागलं, आणि खुंटी वाळूतून अलगद सुटून टोकावर बसून वर गेली. भावेशनं बांबू फिरवून आकाशाकडे धरला. वाळूचे कण उन्हात पडत होते. हे वाळूत गुडघ्यावर बसलेले होते ते तसेच बसून राहिले, वर बघत.

मग रोज उचलू लागला. सगळ्याच नाही, पण चुकल्यावर आता त्याचा चेहरा पडत नव्हता. हंडा उजव्या हातानं आणायला लागला. मी मुद्दाम दुसरा हंडा रिकामा करून ठेवायचे.

माघ सुरू झाला तेव्हा तो गेला. बोईसर स्टेशनपर्यंत हे सोडायला गेले. पुढच्या आठवड्यात फोन आला की चाचणी झाली, नाव लागलं. मी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, "अजून तिकडं जायचं हाय. तिकडचा घोडा. तिकडची माती." आणि रोज संध्याकाळी फोनकडे बघत बसायचे, जसं वादळाच्या दिवसात बंदराकडे बघतात.

स्पर्धेच्या दिवशी मी वलांडीवर होते. वाळलेले बोंबील उतरवायचं काम चाललं होतं. जाऊबाई सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला गेली होती. ऊन चांगलंच वर आलं होतं तेव्हा फोन वाजला. वाऱ्यामुळे नीट ऐकू येईना. मी एक कान दाबून धरला.

"आई," भावेश म्हणत होता, "उचलली. पैलीच. आन दुसरी पन."

फोन वाजला तसे हेही होडीजवळून आले होते. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"हात?" हे म्हणाले.

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"बरं," असं म्हणून ह्यांनी फोन मला परत दिला आणि होडीकडे निघाले. पण सरळ गेले नाहीत. मी बघत होते. आधी बर्फवाल्याजवळ थांबले. मग डिझेलच्या पिंपाशी उभ्या माणसांत थांबले. मग देवळाच्या पायरीवर. सरकारी घोड्यावर बसतो एवढंच सांगणारा माणूस हात लांब करून भाला कसा खाली येतो ते दाखवत होता. प्रत्येक ठिकाणी हात थोडा जास्त लांब होत होता.

दुपारी जाऊबाई टेम्पोतून उतरली ती टोपल्या तशाच टाकून माझ्याकडे आली. मी घराच्या ओट्यावर बोंबलांच्या जुड्या बांधत होते. हे खांबाला टेकून जाळं विणत होते.

"अगं, वाटेत पाम गावाच्या नाक्यावर रिक्षावाला बोलत होता," ती दम खात म्हणाली. "आपल्या भावेशनं तिकडच्या लोकांचा अख्खा खुंट उपटला? होडीचा असतो तेवढा? खरं हाय का गं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान वर केली नाही.

"हो," मी म्हटलं. "मुळासकट."

ह्यांची सुई जाळ्यात थांबली. "आन ठोकनारा कच्चा नव्हता," हे म्हणाले, "ते पन सांग वयनीला."